टाकीत पाणी आलं कुठनं

रात्री पावणेदोनला ड्रायव्हरचा फोन आला म्हणजे एकतर टायर गेलेला असतो नाहीतर कुणीतरी गाडी अडवलेली असते, एवढ्या वर्षांत हे पाठ झालंय. गेल्या जुलैत आलेला फोन या दोन्हीतला नव्हता. "दादा, गाडी चढंना. खंबाटकीत हाय. मिसिंग कराय लागलीया, पांढरा धूर टाकतीया आन पिकप म्हणून घीना." मागं धोधो पाऊस, हॉर्न, आणि मामा त्या सगळ्यावरनं ओरडून बोलतायत. मामा म्हणजे आमचे ड्रायव्हर, नात्यातले नव्हेत, पण आण्णांच्या सोळा-तेरावर, म्हणजे टाटाच्या जुन्या १६१३ ट्रकवर, क्लीनर म्हणून आले तेव्हा मी चड्डीत होतो त्यामुळं मामाच. आण्णा त्यांचे मालक, मी दादा.

गाडी जाताना सांगलीच्या मार्केट यार्डातनं हळदीची पोती घेऊन वाशीला गेलेली, येताना भिवंडीहून किराणा. पुणं ओलांडल्यावर एका पंपावर शंभर लिटर डिझेल टाकलेलं. शिरवळपर्यंत एक नंबर पळाली, साताऱ्याकडचं खंडाळा सोडून खंबाटकीचा घाट लागला आणि दोन-तीन वळणांत खोकायला लागली. आता डिझेल टाकल्यावर तासाभरात गाडी खोकली तर माणसाच्या डोक्यात पहिलं काय येणार, पंपावर फसवलं, दुसरं काही येतच नाही, माझ्याही नाही आलं.

मी विचारलं, मीटरवर कुठला लाईट लागलाय का. "लागलाय की, पिवळा. फिल्टरवानी चित्र हाय, खाली थेंब थेंब." कधीपासनं? यावर मामा गप्प. मग हळूच, "त्यो मागल्या दोन ट्रिपांत बी लागतुय अधनंमधनं, आन जातुय. मला वाटलं सर्व्हिसिंगचा असंल."

तो लाईट म्हणजे फिल्टरखालच्या भांड्यात पाणी साचलंय. नवीन गाड्यांना वॉटर सेपरेटर असतो, डिझेल टाकीतनं निघालं की पहिल्यांदा त्यातनं जातं, पाणी जड म्हणून खाली बसतं आणि खाली एक सेन्सर आहे, पाणी त्याला टेकलं की लाईट. सेपरेटरच्या बुडाला हातानं फिरणारा प्लग असतो, तो सैल करायचा, पाणी सोडायचं, डिझेल यायला लागलं की बंद करायचा, वर हातपंप आहे तो मारून एअर काढायची. पाच मिनिटांचं काम. मामांनी भर पावसात मोबाईलची बॅटरी तोंडात धरून ते केलं, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत धरलं, म्हणाले, "पाव बाटली निव्वळ पाणी हाय दादा, डिझेलचा वास बी न्हाई धड." गाडी सुरू झाली. दोन वळणं चढली. परत लाईट, परत धूर, बंद.

इथं मी एकच गोष्ट बरोबर केली, म्हटलं मामा आता सेल्फ मारू नका, किल्ली काढून खिशात घाला. मामांचा स्वभाव असा की गाडी सुरू होत नसली की ती सुरू होईपर्यंत मारायची, जुन्या गाडीला ते चालायचं. या गाडीला चालत नाही, का ते पुढं सांगतो.

सकाळची एसटी पकडून मी सातारा गाठलं तोवर क्रेनवाल्यानं गाडी घाट उतरवून साताऱ्यात एका ओळखीच्या मिस्त्रींकडं आणून लावलेली. क्रेनच्या बिलाबद्दल बोलतच नाही. मिस्त्रींनी टाकीच्या बुडाचा नट ढिला केला आणि बिसलेरीच्या बाटलीत धरलं, बाटली बोनेटवर ठेवली, म्हणाले चहा घेऊन येऊ तोवर बसू द्या. चहा पिऊन आलो तर बाटलीत स्पष्ट तीन मजले. वर पिवळसर डिझेल, खाली चार बोटं पाणी, जरा गढूळ, आणि दोघांच्या मधे एक काळपट तपकिरी साय, बोटभर नाही पण नखाएवढी जाड, बाटली हलवली की तिचे लोंबते तुकडे व्हायचे आणि परत जाऊन त्याच जागी बसायचे. शेवाळासारखं. मी मिस्त्रींना विचारलं हे काय, ते म्हणाले "पिलावळ."

ही पिलावळ खरीच जिवंत असते. डिझेल आणि पाण्याची जिथं गाठ पडते तिथं बुरशी आणि जिवाणू वाढतात, डिझेल खातात, पाण्यात राहतात. नुसत्या डिझेलमधे जगत नाहीत, त्यांना पाणी लागतंच. त्यांची ही साय फिल्टरला चिकटून फिल्टर चोक होतो आणि त्यांच्यापासनं जे आम्ल तयार होतं ते टाकीचा पत्रा आतनं खातं. आणि महत्त्वाचं म्हणजे ही साय एका रात्रीत होत नाही, तिला आठवडे लागतात. हे मिस्त्रींनी तिथंच मला सांगायचा प्रयत्न केला, "सायेब, हे कालच्या पंपाचं नव्हं," पण मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतो. रात्रभर झोप नाही, पार्टीचे फोनावर फोन, माल कधी येणार. ती बाटली पिशवीत घातली आणि डिझेलची पावती घेऊन उलटा पुण्याच्या बाजूला गेलो, पंपावर.

पंपाचं नाव सांगणार नाही, कारण चूक त्यांची नव्हती हे पुढं कळलं. मी जाऊन बाटली टेबलावर आपटली आणि जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. मॅनेजर पन्नाशीचा, शांत माणूस, त्यानं आधी पाणी विचारलं (मी म्हटलं तुमच्या पंपावर पाणी मिळतं ते माहित्ये, टाकीत घेऊन फिरतोय) आणि मग म्हणाला चला, तुमच्यासमोर बघू.

त्यानं एक लांब डिप रॉड काढला, त्याच्या बुडाला बोटानं एक पेस्ट फासली, फिकट तपकिरी रंगाची, टूथपेस्टसारखी ट्यूब. पहिल्यांदा बादलीतल्या पाण्यात बुडवून दाखवलं, जेवढी पेस्ट पाण्यात गेली तेवढी लालभडक. पुसली, नवीन फासली, जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडून रॉड तळाला टेकवला, थोडा वेळ धरला आणि वर काढला. डिझेलची ओल सगळीकडं, पेस्टचा रंग आहे तसा. लाल ठिपका नाही. मग डेन्सिटी, पाचशे मिलीचा काचेचा जार, त्यात हायड्रोमीटर आणि थर्मामीटर, तक्त्यावर बघून १५ डिग्रीला किती होतं ते काढायचं आणि सकाळच्या रजिस्टरमधल्या आकड्याशी ताडून बघायचं. ३ पॉइंटच्या आत फरक असला तर ठीक. फरक होता एकाचा. हे सगळं कुठल्याही गिऱ्हाईकाला पंपावर मागता येतं, पाच लिटरचं माप पण मागता येतं, आपण मागत नाही हा भाग वेगळा. फिल्टर पेपरवर थेंब टाकून डाग बघायची ती टेस्ट मात्र पेट्रोलची, डिझेलला तिचा उपयोग नाही, काही लोक पंपावर जाऊन डिझेलला फिल्टर पेपर मागतात.

शेवटी तो म्हणाला, "साहेब, तुमच्या पावतीवर रात्री बारा चाळीस वेळ आहे. त्याच नोझलवर त्यानंतर पहाटेपर्यंत पस्तीस गाड्या भरल्या. तुमच्याच गाडीत पाणी कसं गेलं?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्याच्याकडनं चहा पिऊन परत आलो, बाटली तिथंच विसरली.

आता, पंपात पाणी येतच नाही असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात जमिनीखालच्या टाकीच्या चेंबरमधे पाणी भरतं, झाकणाचं पॅकिंग गेलेलं असलं की आत जातं, तसे प्रकार होतात. पण तसं झालं तर ते एका गाडीला होत नाही, लाईन लागते. आणि पेट्रोलवाल्यांचं दुखणं वेगळं, त्यात आता इथेनॉल असतं, इथेनॉल पाण्याला धरून ठेवतं आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून पेट्रोल सोडून खाली बसतात. आमच्या सांगलीत उसापासनं इथेनॉल करणारे कारखाने आहेत त्यामुळं इथं प्रत्येक जण यातला तज्ज्ञ आहे, डिझेलच्या गाडीत पाणी निघालं तरी कट्ट्यावरची माणसं इथेनॉललाच शिव्या देतात. पंपावरच्या साध्या डिझेलात इथेनॉल नसतं राव.

घरी आलो तर आण्णा सोप्यात बसलेले. सगळं ऐकून घेतलं, पंपावरचं भांडण ऐकताना जरा हसले पण, आणि विचारलं, "पंपाला शिव्या घालायच्या आधी टाकीचं टोपण बघितलंस का?"

नव्हतं बघितलं.

मिस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले बघून सांगतो, आणि दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर फोटो. टोपण कंपनीचं नव्हतंच. आतला रबरी वायसर नव्हता, त्याच्या जागी दुधाच्या पिशवीचा तुकडा गोल कापून बसवलेला. मामांना विचारलं तर सगळी स्टोरी बाहेर आली. एप्रिलमधे एका ढाब्यावर रात्री झोपलेले असताना कुणीतरी डिझेल काढून नेलं आणि जाताना टोपण पण नेलं. मामांनी मला डिझेलचं सांगितलेलं, टोपणाचं नाही, कारण आधीच डिझेल गेलं म्हणून मी बोललेलो. मग स्वतःच्या खिशातनं दीडशे रुपयांचं डुप्लिकेट टोपण घेतलं, त्याचा वायसर मे महिन्यात पडला, मग दुधाची पिशवी. चिडावं का हसावं कळेना, माणसानं माझं बोलणं वाचवायला दीडशे रुपये खिशातले घातले आणि ते मला पडले जवळजवळ लाखाला.

पण तरी माझा प्रश्न होताच, की टोपण ढिलं असलं तरी एवढं पाणी आत जाईल कसं, टाकीवर काय कुणी नळ सोडत नाही. यावर मी दोन दिवस डोकं लावलं, आणि मला हे फार इंटरेस्टिंग वाटलं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ट्रकलाईनीत सगळे सांगतात की टाकी रिकामी ठेवू नये, रात्री थंडीनं आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर जमते आणि पाणी होतं, म्हणून रात्री टाकी फुल करून लावावी. बरोबर आहे, होतं तसं. पण किती होतं याचा कुणी हिशोब मांडत नाही. ३० डिग्रीच्या पूर्ण दमट हवेत एका घनमीटरला साधारण ३० ग्रॅम वाफ असते. टाकीत २०० लिटर जागा रिकामी असली तर त्यात ६ ग्रॅम. रात्रीत २० डिग्रीवर आली तर त्यातली निम्मीसुद्धा जमत नाही, म्हणजे अर्धा चमचा पाणी. रोज अर्धा चमचा धरला तर महिन्याला पंधरा चमचे, हे पण कमी नाही, बुरशीला तेवढं पुरतं आणि महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीला, जनरेटरला, हार्वेस्टरला हेच मारतं. पण रोज पळणाऱ्या गाडीत लिटरनं पाणी निघालं तर ते दवाचं नव्हे, ते वरनं आलेलं.

आणि वरनं ते नुसतं ओघळत नाही, टाकी ते ओढून घेते. आमच्या गाडीचं टोपण थोड्या खोलगट जागेत आहे, पाऊस पडला की वाटीसारखं पाणी साचतं. इंजिन जेवढं डिझेल पितं तेवढी हवा टाकीला बाहेरनं घ्यावी लागते, ब्रीदर, म्हणजे टाकीची हवा घ्यायची नळी, साफ असला तर तिथनं घेते, चिखलानं बुजलेला असला की टोपणातनं. आणि दुसरं म्हणजे वॉशिंग. कॉमन रेलच्या गाडीत (सगळ्या इंजेक्टरना, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांना, एकाच जास्त दाबाच्या नळीतनं डिझेल मिळतं ती) जे डिझेल जळत नाही ते इंजिनातनं गरम होऊन परत टाकीत येतं, त्यामुळं लांबनं आलेल्या गाडीची टाकी हाताला चांगली गरम लागते. मामांची सवय काय, ट्रिप संपली की मिरजेकडं एका वॉशिंग सेंटरला जायचं, गाडी धुवूनच घरी लावायची, चकाचक. टाकीत २०० लिटर हवा ५० डिग्रीला आहे, तुम्ही थंड पाण्याचा प्रेशर मारून ती ३० वर आणली की ती साधारण १२ लिटरनं आक्रसते. तेवढी जागा भरायला टाकी बाहेरनं ओढणार, आणि टोपणाच्या वाटीत त्याच वेळी काय आहे तर साबणाचं पाणी. आधी तेच आत. म्हणजे गाडीला जीव लावणारा आमचा ड्रायव्हर दर ट्रिपला गाडी धुऊन धुऊन टाकीत पाणी भरत होता.

साबणाचं पाणी हे आणखी वाईट. सेपरेटर जे काम करतो ते पाण्याचे बारीक थेंब एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि खाली पडतात या तत्त्वावर. साबण असला की थेंब मोठे होतच नाहीत, डिझेल दुधाळ दिसतं आणि ते पाणी सेपरेटरमधनं सरळ पुढं जातं. म्हणूनच टाकीत पाणी झालं की एक बाटली स्पिरीट ओत, थिनर ओत, पाणी "जळून जातं", असं सांगणारे जे गॅरेजवाले आहेत त्यांच्यापासनं लांब राहिलेलं बरं. पाणी जळत नाही. स्पिरीट पाण्याला डिझेलमधे मिसळायला मदत करतं म्हणजे जे पाणी बिचारं तळाला गप पडलेलं असतं त्याला तुम्ही हात धरून इंजेक्टरपर्यंत पोचवता. जुन्या इंजिनाला खपायचं हे.

आण्णांच्या सोळा-तेराला खरंच सगळं खपायचं. तो पंप वेगळा, मायकोचा, दणकट. त्या काळात डिझेलात गंधक पण भरपूर. पाणी गेलं तर गाडी दोन आचके द्यायची, पांढरा धूर टाकायची आणि पुढं जायची, फार तर नोझल काढून टेस्टिंगला द्यायचे, दोन तासांचं काम. आताच्या कॉमन रेलमधे प्रेशर दीड-दोन हजार बार, आतल्या पार्टमधली फट दोन-तीन मायक्रॉन. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, यावरनं समजा. त्या फटीत वंगण म्हणून दुसरं काही नसतं, डिझेल हेच वंगण, तिथं पाणी आलं की लोखंडावर लोखंड. शिवाय २०२० च्या एप्रिलपासनं बीएस सिक्स (प्रदूषणाच्या नव्या नियमाचं) डिझेल, त्यात गंधक १० पीपीएमच्या आत, आधी बीएस फोरला ५० होतं. गंधक काढताना डिझेलचा स्वतःचा ओशटपणा पण जातो आणि तो परत वरनं औषध घालून आणावा लागतो. आणि इंजेक्टरच्या तोंडाशी पाण्याचा थेंब पोचला तर तिथल्या उष्णतेनं त्याची एकदम वाफ होते, वाफ पाण्याच्या कितीतरी पट जागा मागते, आणि नोझलचं टोक तडकतं. म्हणून म्हटलं सेल्फ मारू नका. प्रत्येक सेल्फला आपण ते पाणी एकेक पाऊल पुढं ढकलत असतो.

आमचे सहापैकी दोन इंजेक्टर गेले. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं एका ओळीत सांगितलं की डिझेलात भेसळ किंवा पाणी असलं की वॉरंटीत बसत नाही, वाद घालायला मी गेलोच नाही, एका पंपावर घालून झालेला. इंजेक्टर, फिल्टर, टाकी उतरवणं, क्रेन, दोन दिवस खाडा, सगळं धरून ब्याण्णव हजार.

टाकी उतरवली तेव्हा मी तिथं मुद्दाम थांबलो. बघण्यासारखं असतं ते. बुडाचा नट उघडून आपण समजतो पाणी सगळं निघालं, तसं नसतं, टाकीत आडवे पत्रे असतात, डिझेल हिंदकळू नये म्हणून, त्यांच्या खालच्या कोपऱ्यांना पाण्याची डबकी राहतात. मिस्त्रींनी टाकी एका अंगावर कलती केली तर परत दीड लिटर आलं. मग तिसऱ्या कोपऱ्यातनं ती काळी साय, मोठी, ओल्या पापडाच्या लाटीसारखी. ती बोटावर घेतली तर बुळबुळीत आणि वास सडक्या अंड्याचा. सक्शनचा पाईप तळापासनं दोन-तीन बोटं वर असतो, त्यामुळं सपाट रस्त्यावर तळातलं पाणी पाईपाला लागतच नाही, घाट लागला, टाकी कलली की पाणी जमून पाईपाखाली येतं. म्हणून खंबाटकी. त्याच्या आधीच्या दोन ट्रिपांना गाडी खंबाटकी चढलीच होती की, पण तेव्हा पाणी कमी होतं, थोडं सेपरेटरमधे यायचं, लाईट लागायचा आणि जायचा. म्हणजे आम्हाला दोनदा सांगून झालेलं होतं.

टाकी धुताना पाणी वापरायचं नाही, डिझेलनंच खळबळायची, आणि पत्रा गळका असला तर टाकीला वेल्डिंग लावायची घाई करायची नाही, रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, आत वाफ असते.

या निमित्तानं अजून दोन गोष्टी आठवल्या. २०१९ च्या ऑगस्टमधे सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. तेव्हा गावात ज्यांच्या गाड्या बुडाल्या त्यातल्या काहींनी पाणी ओसरल्यावर बॅटरी बदलली आणि सेल्फ मारला, इंजिनातलं पाणी बघितलं, ऑइल बदललं, पण डिझेलच्या टाकीला हात लावला नाही कारण टोपण तर घट्ट होतं. ब्रीदरच्या नळीला कुठं टोपण असतं. आमची तेव्हाची गाडी आण्णांनी पाणी चढायच्या आधीच विश्रामबागच्या पुढं उंचावर नेऊन लावलेली, ते २००५ चा महापूर बघितलेले आहेत. पण शेजारच्यांच्या टेम्पोच्या टाकीतनं आम्ही अख्खी बादली काढली, नदीचंच पाणी, तळाला गाळासकट. तेव्हा आण्णांनी मला एक युक्ती दाखवली, विहिरीच्या पाण्यात टाकायची ती जांभळी पूड असते ना, पोटॅशियम परमँगनेट, तिचे दोन कण बाटलीत टाकायचे. डिझेलमधनं ते कण तसेच कोरडे खाली जातात, तळाला पाण्याचा थेंब जरी असला की तिथं जांभळा-गुलाबी रंग पसरतो. पंपावरच्या पेस्टपेक्षा स्वस्त.

आणि दुसरं म्हणजे युरिया. बीएस सिक्स ट्रकला डीईएफची (धूर साफ करायला लागणाऱ्या द्रावणाची) वेगळी टाकी असते, निळ्या टोपणाची, ड्रायव्हर लोक त्याला युरियाच म्हणतात. त्यात युरिया साडेबत्तीस टक्के आणि बाकी सगळं पाणी. पंपाच्या मशीनवर डीईएफचं नोझल १९ मिलिमीटरचं आणि डिझेलचं जाड, त्यामुळं डिझेल चुकून निळ्या टाकीत जाणं अवघड, पण उलटं सहज होतं, कारण आपल्याकडं वीस लिटरच्या बादल्या आणून नरसाळ्यानं ओततात, रात्री, अंधारात, झोपेत. ते डिझेलच्या टाकीत गेलं तर पाणी तर गेलंच वर युरियाचे खडे पण जमतात. आमच्या ओळखीच्यातल्या एका गाडीला झालंय, त्याच्या बिलापुढं माझं ब्याण्णव हजार काहीच नाही. असं कधी कळलं तर किल्ली सुद्धा फिरवायची नाही, कारण नुसती किल्ली फिरवली तरी कित्येक गाड्यांत टाकीतला पंप चालू होतो.

आण्णांची जुनी पद्धत अशी होती की गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी असली की सकाळी सुरू करायच्या आधी, आधी म्हणजे आधी, टाकीचा नट अर्धा आटा सैल करून डब्यात कपभर डिझेल काढायचं. मग तो डबा उन्हात धरून बघायचे. आत पाणी असलं तर तळाला मोत्यासारखं पळतं. मग वरचं डिझेल परत टाकीत, कापडातनं गाळून. मला लहानपणी हा सगळा प्रकार पूजेसारखा वाटायचा, उदबत्ती लावायची, लिंबू-मिरची बदलायची, कपभर डिझेल काढायचं. नवीन गाडी आली तेव्हा मीच म्हटलं होतं, आण्णा आता सेन्सर आहे, लाईट लागतो, याची गरज नाही. त्यांनी वाद घातला नाही. तेव्हापासनं त्या नटावर तीनदा रंग बसलाय.

पंपाच्या त्या मॅनेजरला मी फोन करून सांगितलं की चूक आमची होती. त्याला आश्चर्य वगैरे काही वाटलं नाही, म्हणाला असं आठवड्याला एखादं येतं, परत फोन करणारे तुम्ही पहिलेच. आणि म्हणाला तुमची बाटली आहे इथं, नवीन पोरांना दाखवायला ठेवलीय, चालेल ना.

टोपण कंपनीचं बसवलं, कुलूपवालं, साखळीसकट. मामांना सांगितलंय की गाडी धुवा पण टाकी गार झाल्यावर, आणि टोपणाकडं प्रेशरचं तोंड नको. मामांनी ऐकलं, पण त्यांच्या चेहऱ्यावरनं दिसत होतं की धूळ खाल्लेली गाडी रात्रभर दारात उभी ठेवणं त्यांना जड जाणार. पिवळा लाईट लागला की फोटो काढून मला पाठवायचा असंही ठरलं, आता त्यांना सगळेच लाईट पाठवायची सवय लागलीय, परवा हँडब्रेकचा पाठवला.

राहिली आमची दुसरी गाडी. तिच्या टाकीचा नट काल सोडवायला गेलो तर गोल झालेला निघाला, पाना फिरतोय, नट जागचा हलत नाही. आण्णा खुर्ची टाकून बघत बसलेले. मिस्त्री म्हणाले रविवारी आणा, गरम करायचा नाही, पाईप पाना लावून बघू, नाहीच आला तर टाकी उतरवू. तोवर वरनं एक प्लास्टिकची नळी घालून तोंडानं ओढून बाटलीभर काढलं. तोंडाला अजून डिझेलचा वास येतोय. बाटली खिडकीत ठेवलीय, खाली काहीतरी आहे, बोटभर, पण पाणी आहे का काचेचा भास ते सकाळी उजेडात बघतो, ती जांभळी पूड घरात कुठं ठेवलीय ते आण्णांनाच माहीत आणि ते झोपलेत.